सांतियागो नगरांतील एकाकी कुएका व तिच्या परंपरेंतील कृतिप्रयोग

(१)

दक्षिण अमेरिकेंतील चिली देशाची राजधानी जें सांतियागो नगर, तेथील कौपोलिकान नाट्यगृहांत ता. ८ मार्च १९७८ रोजीं स्त्रीदिनाची सभा भरली होती. त्या सभेंत कांहीं स्त्रियांचा एक गायकमेळा व्यासपीठावर आला. अंगांत पांढरीं पोलकीं, खालीं काळे घागरे, आणि छातीवर एकेका माणसाचें छायाचित्र टांचलेलें. गाणें सुरू होतांच त्यांतील एक स्त्री पुढें आली व हातांतील पांढरा रुमाल फिरवीत नाचूं लागली. या नृत्याचें नांव कुएका. चिलींतील सणासुदींत, लग्नकार्यांत व राष्ट्रीय उत्सवांत तें सर्वत्र चालतें. तें जोडप्याचें नृत्य आहे. स्त्री व पुरुष एकमेकांस स्पर्श न करितां रुमालाच्या खुणांनीं जवळ येतात, दूर जातात, अर्धवर्तुळें घेतात. आपल्याकडे फुगडीस जशा दोघी लागतात, तशीं कुएकेस दोन माणसें लागतात. त्या दिवशीं मात्र नाचणारी स्त्री एकटी होती. समोरची जागा शेवटपर्यंत रिकामी राहिली. तिच्या समोर ज्यानें नाचावयाचें त्यास सरकारच्या हस्तकांनीं धरून नेलें होतें, आणि तो कोठें आहे हें सांगण्यास कोणीही अधिकारी तयार नव्हता. जमलेल्या लोकांस याहून अधिक विवरणाची गरज नव्हती.

हें नृत्य पुढें 'एकाकी कुएका' या नांवानें प्रसिद्ध झालें. त्यापासून इ. स. २०१९ पर्यंत सांतियागोच्या रस्त्यांवर व सभागृहांत स्त्रियांनीं, आणि ज्यांस आज क्विअर ही संज्ञा लावितात अशा समलिंगी कलावंतांनीं, जे प्रयोग केले त्यांचा क्रम लावून पाहणें हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. नाटकास संहिता असते, रंगमंच असतो, तिकीट काढून आलेला प्रेक्षक असतो. या प्रयोगांस त्यांपैकीं बहुधा कांहींच नसे. करणाऱ्याचें स्वतःचें शरीर, एखादी नित्याची वस्तु, नगरांतील एखादी ओळखीची जागा आणि कांहीं मिनिटांचा अवधि, एवढ्याच सामग्रीवर ते उभे राहिले. म्हणून येथें त्यांस कृतिप्रयोग म्हटलें आहे.

(२)

अशा क्षणभंगुर कृतीची दखल इतिहाससंशोधकानें कां घ्यावी, असा प्रश्न वाचकांच्या मनांत येणें स्वाभाविक आहे. आपला भर कागदावर. सनद, महजर, पत्र, हिशेबाची वही हीं आपलीं पहिल्या प्रतीचीं साधनें. तरीपण अज्ञानदासाचा अफजलखानवधाचा पोवाडा आपण साधन म्हणून स्वीकारतों. त्यांतील प्रत्येक शब्द खरा म्हणून नव्हे, तर त्या काळीं तो प्रसंग लोकांपुढें कोणत्या रूपानें मांडला गेला हें त्यांतून कळतें म्हणून. पोवाड्यास जी कसोटी लावितों तीच येथें लावावी, म्हणजे झालें.

चिलीच्या बाबतींत आणखी एक कारण आहे, आणि तें अधिक गंभीर आहे. तेथील सत्ताधीशांनीं माणसें नाहींशीं करण्याची जी पद्धति चालविली तिचा गाभाच असा होता कीं कागद राहूं नये. धरून नेलेल्या माणसाची नोंद करावयाची नाहीं, त्याचें प्रेत नातलगांस द्यावयाचें नाहीं, आणि विचारणा झाल्यास असा माणूस आमच्या ताब्यांत कधीं नव्हताच असें उत्तर द्यावयाचें. ज्या राज्यांत दप्तरच खोटें बोलतें तेथें केवळ दप्तरावर विसंबणारा इतिहासकार खोटेपणाचा भागीदार होतो. छातीवर छायाचित्र टांचून नाचणारी स्त्री त्या काळीं एक प्रकारें कागदाचेंच काम करीत होती.

(३)

आतां थोडी पूर्वपीठिका. ता. ११ सप्टेंबर १९७३ रोजीं सेनापति आउगुस्तो पिनोचेत व त्याचे सहकारी यांनीं लोकनियुक्त अध्यक्ष साल्वादोर आयेंदे यांचें सरकार उलथून पाडलें. ला मोनेदा या अध्यक्षीय राजवाड्यावर विमानांतून बाँब टाकण्यांत आले व आयेंदे त्याच दिवशीं तेथें मरण पावले. संसद बंद झाली, राजकीय पक्षांवर बंदी आली, रात्रींची संचारबंदी सुरू झाली. सांतियागोंतील राष्ट्रीय क्रीडांगणाचें रूपांतर बंदिखान्यांत झालें आणि हजारों लोक तेथें डांबले गेले. हुकूमशाही ता. ११ मार्च १९९० पर्यंत टिकली. तिच्यानंतर नेमलेल्या सत्यशोधन समितीनें १९९१ सालीं आपला अहवाल दिला. त्यांत २,२७९ बळींची नोंद आहे. पुढील चौकशांअंतीं मृत व बेपत्ता झालेल्यांचा आंकडा ३,००० च्या वर गेला. त्यांपैकीं १,००० हून अधिक माणसांचा ठावठिकाणा अद्यापि लागलेला नाहीं.

बेपत्ता झालेल्यांत पुरुष फार होते. त्यांना शोधीत हिंडणाऱ्यांत स्त्रिया फार होत्या. तुरुंगाच्या दारांत, प्रेतागारांत, न्यायालयांत त्याच त्या बायका परत परत भेटूं लागल्या व त्यांतून बेपत्ता बंदिवानांच्या नातलगांची संघटना उभी राहिली. आरंभीं सांगितलेला गायकमेळा याच संघटनेचा. सन १९७९ मध्यें यांतील कांहीं जणींनीं बंद पडलेल्या संसदभवनाच्या लोखंडी कुंपणास स्वतःला साखळ्यांनीं बांधून घेतलें. चर्चच्या आश्रयाखालीं चाललेल्या शिवणवर्गांत कित्येकींनीं चिंध्या जोडून चित्रें शिवलीं. त्यांस तिकडे आर्पियेरा म्हणतात. रंगीबेरंगी घरें, मागें आंदीज पर्वत, आणि मध्यें पोलिसांची गाडी किंवा रिकामी खुर्ची. शिवणाचें बायकी काम म्हणून प्रथम त्यांजकडे कोणी संशयानें पाहिलें नाहीं, आणि याच उपेक्षेच्या आडून तीं चित्रें परदेशीं पोहोंचलीं.

येथें एक गोष्ट मुद्दाम नमूद केली पाहिजे, कारण ती पुष्कळदां गाळली जाते. स्त्रियांनीं सांतियागोच्या रस्त्यावर येऊन वस्तूंच्या द्वारें राजकारण बोलण्याची ही पहिली वेळ नव्हती. ता. १ डिसेंबर १९७१ रोजीं आयेंदे सरकारच्या विरोधी स्त्रियांनीं, ज्यांत वरच्या व मध्यम वर्गांतल्या पुष्कळ होत्या, टंचाईच्या निषेधार्थ रिकामीं पातेलीं वाजवीत मोर्चा काढला होता. त्या विरोधाची परिणति लष्करी सत्तेंत झाली. पुढें ता. ११ मे १९८३ पासून पिनोचेतविरुद्ध राष्ट्रीय निषेधदिन पाळले जाऊं लागले, तेव्हां तींच पातेलीं रात्रीच्या अंधारांत गरिबांच्या वस्त्यांतून वाजूं लागलीं. कृतीचें रूप कोणाही एका पक्षाचें वतन नसतें. तें कोण, कोठें व केव्हां वापरितो यावर त्याचा अर्थ ठरतो.

(४)

एकाकी कुएकेनंतर पुढच्याच वर्षीं, सप्टेंबर १९७९ मध्यें, लष्करी सरकारनें हुकूम काढून कुएका हें चिलीचें राष्ट्रीय नृत्य म्हणून जाहीर केलें. राष्ट्र, कुटुंब व परंपरा यांचें प्रदर्शन मांडणाऱ्या सरकारला असें नृत्य सोयीचें होतें. परंतु त्यामुळें एक पेंच उत्पन्न झाला. ज्या नृत्यास सरकार राष्ट्राचें प्रतीक म्हणतें तेंच एक स्त्री अर्धें रिकामें ठेवून नाचते. तिनें घोषणा दिली नाहीं, केवळ वस्तुस्थिति दाखविली. तिला मना करावें तर राष्ट्रीय नृत्यासच मनाई केल्यासारखें होतें.

सत्ताधाऱ्याचीच खूण उचलावयाची आणि तिच्यांत एकच बदल करावयाचा, ही रीति पुढील बहुतेक सर्व महत्त्वाच्या प्रयोगांत आढळते. सन १९७९ च्या डिसेंबरांत लोटी रोझेनफेल्ड या कलावतीनें सांतियागोंतील मान्केवे या हमरस्त्यावर असाच एक प्रयोग केला. रस्त्याच्या मधोमध वाहनांसाठीं आंखलेल्या तुटक पांढऱ्या रेघा असतात. प्रत्येक रेघेवर तिनें आडवी पांढरी पट्टी चिकटविली. सुमारें एक मैलभर हें काम चाललें, आणि रेघांचे क्रूस झाले. पाहणाऱ्यास वाटल्यास तीं बेरजेचीं चिन्हें. थडगीं म्हणावें, हिशेब म्हणावा, किंवा रहदारीचा नियम वांकविला एवढेंच म्हणावें. हाच प्रयोग तिनें पुढें सत्तेच्या इतर स्थळांसमोरही केला. त्यांत १९८२ सालीं वॉशिंग्टन येथील व्हाइट हाउससमोर केलेला एक होता.

रोझेनफेल्ड, लेखिका दियामेला एल्तीत, कवि राउल सुरीता व आणखी दोघे यांनीं १९७९ सालींच एक कलामंडळ स्थापिलें होतें. सन १९८३ मध्यें, म्हणजे सत्तांतरास दहा वर्षें होत असतांना, या मंडळानें भिंतींवर दोनच चिन्हें लिहिण्यास आरंभ केला : 'नो' आणि पुढें बेरजेचें चिन्ह. स्पॅनिश भाषेंत बेरजेच्या चिन्हाचा उच्चार 'मास', म्हणजे 'अधिक', असा होतो. अर्थात् 'आणखी नको', 'पुरे'. काय नको, ती जागा मोकळी होती. रात्रींतून अनोळखी लोक ती भरूं लागले : कोणी छळ लिही, कोणी भूक, कोणी मृत्यु, कोणी पिस्तुलाचें चित्र काढी. थोड्याच काळांत तें मंडळाचें न राहतां नगराचें झालें. रस्त्यावरील क्रूसाचें बेरजेचें चिन्ह भिंतीवर चढलें, असा त्याचा प्रवास मांडतां येतो.

(५)

सन १९८३ हें वर्ष या इतिहासांत महत्त्वाचें आहे. ता. ११ ऑगस्ट रोजीं सुमारें साठ स्त्रिया राष्ट्रीय ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर एकाएकीं येऊन बसल्या. त्यांनीं तात्काळ लोकशाही मागणारा व स्त्रीवादी चळवळीचें नांव असलेला एक फलक उलगडला, आणि कांहीं मिनिटांतच त्या पांगल्या. एवढ्या थोड्या वेळाचें कारण उघड आहे : पोलीस येईपर्यंत जेवढा अवधि मिळे तेवढीच प्रयोगाची लांबी. समाजशास्त्रज्ञ हुलिएता किर्कवुड यांचा या चळवळीच्या विचारांत मोठा वांटा होता. देशांत लोकशाही हवी तशी घरांतही हवी, हें या स्त्रियांचें मुख्य सूत्र. मोर्च्यांत हुकूमशहाला शिव्या देणारा पुरुष घरीं येऊन स्वतः हुकूमशहा होतो, ही गोष्ट त्यांनीं विरोधी पक्षांच्या पुढाऱ्यांस ऐकविली, आणि ती त्या पुढाऱ्यांस फारशी रुचली नाहीं.

त्याच वर्षीं ता. ११ नोव्हेंबर रोजीं कन्सेप्सियन नगरांत सेबास्तियान आसेवेदो नांवाच्या कामगारानें, गुप्त पोलिसांनीं धरून नेलेलीं आपलीं दोन मुलें परत मागत, चर्चसमोरील चौकांत स्वतःला जाळून घेतलें. या घटनेच्या धक्क्यांतून 'जीवनासाठीं स्त्रिया' ही संघटना निघाली. विरोधी पक्षांचे पुरुष पुढारी एका व्यासपीठावर येण्यास तयार नसतांना या संघटनेंतील निरनिराळ्या पक्षांच्या स्त्रियांनीं ता. २९ डिसेंबर १९८३ रोजीं कौपोलिकान नाट्यगृहांत सुमारें १०,००० स्त्रियांची सभा भरविली. पुरुषांस तेथें प्रवेश नव्हता. सन १९८५ च्या ऑक्टोबरांत याच स्त्रियांनीं काढलेल्या मोर्च्याचें नांव 'आम्ही अधिक आहों' असें होतें. भिंतीवरील नकाराचें चिन्ह त्यांनीं होकारांत वळविलें.

सन १९८८ मध्यें पिनोचेत यास आणखी आठ वर्षें अधिकार द्यावा कीं नाहीं यावर सार्वमत व्हावयाचें होतें. मतपत्रिकेवर दोनच पर्याय : होय किंवा नाहीं. त्या वर्षीं नगरांत ठिकठिकाणीं पुरुषभर उंचीच्या काळ्या आकृति दिसूं लागल्या. प्रत्येक आकृतीवर एकेका बळीचें नांव होतें, त्याखालीं 'मला विसरलांत काय?' या अर्थाचा प्रश्न, आणि खालीं मतपत्रिकेप्रमाणेंच होय व नाहीं यांसाठीं मोकळ्या जागा. येथेंही पूर्वीचीच रीति. सरकारनेंच ठरविलेला मतपत्रिकेचा नमुना मृतांच्या हातीं देण्यांत आला. दूरदर्शनवर विरोधी पक्षास रोज पंधरा मिनिटांची वेळ मिळाली होती. तींत एकाकी कुएका दाखविण्यांत आली, आणि नाट्यगृहांतील रिकामी जागा घरोघरीं पोहोंचली. ता. ५ ऑक्टोबर १९८८ रोजीं सुमारें ५६ टक्के मतांनीं नकार विजयी झाला.

हा विजय या प्रयोगांचा, असें म्हणण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. चिलींत त्या काळीं स्त्रियांचीं व पुरुषांचीं मतदानकेंद्रें वेगळीं असत, म्हणून मतांची विभागणी निश्चित कळते. तींत असें दिसतें कीं पिनोचेतच्या बाजूनें मत देणाऱ्यांचें प्रमाण पुरुषांपेक्षां स्त्रियांत अधिक होतें. रस्त्यावर उतरलेल्या स्त्रिया म्हणजे सगळ्या स्त्रिया नव्हेत. त्यांच्या धैर्याचें मोल यामुळें कमी होत नाहीं. उलट, आपल्याच शेजारणींचें मत आपल्याविरुद्ध असतां त्या उभ्या राहिल्या, एवढें मात्र कळतें.

(६)

आतां या इतिहासाच्या दुसऱ्या शाखेकडे वळूं. समलिंगी पुरुषांचा पहिला जाहीर निषेध सांतियागोच्या प्लासा दे आर्मास या मुख्य चौकांत ता. २२ एप्रिल १९७३ रोजीं, म्हणजे आयेंदे सरकारच्या काळीं झाला. पोलिसांचा जाच थांबावा ही त्यांची मागणी. तिची थट्टा करण्यांत डाव्या वृत्तपत्रांनीं हात आंखडता घेतला नाहीं. दंडसंहितेच्या ३६५ व्या कलमानें पुरुषांमधील संबंध गुन्हा ठरविला होता. प्रौढांच्या संमतीनें होणारे संबंध त्यांतून वगळण्यास १९९९ साल उजाडावें लागलें. म्हणजे हुकूमशाही संपल्यानंतरही नऊ वर्षें हा गुन्हा राहिला. यावरून ध्यानांत येईल कीं या लोकांस दोन आघाड्यांवर उभें राहावें लागलें : एक लष्कराविरुद्ध, दुसरी स्वतःच्या मित्रांच्या तुच्छतेविरुद्ध.

सन १९८६ च्या सप्टेंबरांत मापोचो रेल्वेस्थानकांत डाव्या पक्षांचा एक मेळावा होता. लेखक पेद्रो लेमेबेल उंच टांचांचे जोडे घालून, तोंडापासून भुंवईपर्यंत कोयता व हातोडा रंगवून तेथें उभे राहिले व त्यांनीं स्वतःचा जाहीरनामा वाचून दाखविला. तुमच्या क्रांतींत माझ्यासारख्यास जागा आहे काय, असा त्याचा आशय होता. पुढें लेमेबेल व कवि फ्रान्सिस्को कासास या दोघांनीं मिळून 'कयामतीच्या घोड्या' असें नांव धारण केलें. घोडी हा तिकडच्या बोलींत स्त्रियांस व बायकी वळणाच्या पुरुषांस हिणविण्याचा शब्द. कयामत हा बायबलांतील चार घोडेस्वारांचा व त्या वेळीं पसरत असलेल्या एड्सच्या सांथीचा निर्देश. शिवी अंगावर घेऊन तिचीच पदवी करावयाची, हा त्यांतील हेतु. सन १९८८ मध्यें हे दोघे विवस्त्र होऊन एकाच घोडीवर बसून चिली विद्यापीठाच्या कलाविभागांत शिरले. सांतियागो वसविणारा स्पॅनिश सेनानी पेद्रो दे वाल्दिव्हिया याचा अश्वारूढ पुतळा नगराच्या मुख्य चौकांत आहे, हें ध्यानांत घेतां त्या स्वारीचें विडंबन कोणालाही समजण्याजोगें होतें. ता. २१ ऑगस्ट १९८९ रोजीं, अध्यक्षपदाचे उमेदवार पात्रिसियो आयल्विन कलावंतांस भेटत असतांना, या दोघांनीं कारिओला नाट्यगृहाच्या व्यासपीठावर आगंतुकपणें चढून समलिंगी लोकही परिवर्तनाच्या बाजूस आहेत असें सांगणारा फलक उलगडला. येणाऱ्या लोकशाहीच्या निमंत्रितांत आपलें नांव नाहीं हें त्यांनीं ओळखलें होतें.

त्यांचा सर्वांत अर्थपूर्ण प्रयोग ता. १२ ऑक्टोबर १९८९ चा. कोलंबस अमेरिकेस पोहोंचला त्याचा हा स्मरणदिन. चिलीच्या मानवी हक्क आयोगाच्या इमारतींत जमिनीवर पांढऱ्या कापडावर दक्षिण अमेरिकेचा नकाशा काढला होता, व त्यावर कोकाकोलाच्या फुटक्या बाटल्यांच्या कांचा पसरल्या होत्या. लेमेबेल व कासास उघड्या अंगानें व अनवाणी त्या नकाशावर कुएका नाचले. छातीशीं लहानसें ध्वनिमुद्रणयंत्र बांधून कानाला नळ्या लाविल्या होत्या. संगीत त्या दोघांसच ऐकूं येत होतें, प्रेक्षकांस कांचांचा व पावलांचा आवाज तेवढा. हळूहळू नकाशा रक्तानें भरला.

१९७८ च्या नृत्याशीं याची तुलना करावी. तेथें जोडप्यांतील एकजण नाहीं. येथें दोघेही आहेत, परंतु राष्ट्रीय नृत्याच्या नियमाप्रमाणें हें जोडपें जोडपेंच नव्हे. तेथें गाणें सर्वांस ऐकूं येतें; येथें तें दोघांच्या कानांतच कोंडलेलें. बेपत्ता झालेल्यांच्या पत्नींचें दुःख तेव्हां लोकांनीं आपलें मानिलें होतें. ज्यांच्या सोबतीस समाज नांवही देत नाहीं त्यांच्या दुःखाची नोंद कोणत्या वहींत होणार, हा प्रश्न त्यांनीं विधवांच्याच नृत्यांतून, आणि मानवी हक्कांच्याच घरांत उभा राहून विचारिला. त्यांत विधवांचा अधिक्षेप नव्हता. त्यांच्या परंपरेवर सांगितलेला तो हक्क होता. आसेवेदो याच्या आत्मदहनाच्या स्मरणार्थ १९९१ सालीं कन्सेप्सियन येथें या दोघांनीं जो प्रयोग केला तोही याच वारशाचा. लेमेबेल जानेवारी २०१५ मध्यें वारले.

(७)

ता. १८ ऑक्टोबर २०१९ रोजीं सांतियागोंतील भुयारी रेल्वेच्या भाड्यांत झालेल्या ३० पेसोंच्या वाढीवरून असंतोषाचा भडका उडाला. पुन्हा पातेलीं वाजलीं, पुन्हा रस्त्यांवर सैन्य आलें. पोलिसांच्या छऱ्यांनीं डोळ्यांस इजा झालेल्यांची संख्या ४०० च्या वर गेली. अशा वेळीं वाल्पाराइसो बंदरांतील लास्तेसिस नांवाच्या चार स्त्रियांच्या मंडळानें ता. २० नोव्हेंबर रोजीं तेथील रस्त्यावर, व ता. २५ रोजीं सांतियागोंत, 'तुझ्या वाटेवरील बलात्कारी' या अर्थाच्या नांवाचा प्रयोग केला. स्त्रिया डोळ्यांवर काळ्या पट्ट्या बांधून रांगेनें उभ्या राहतात, ठेक्यावर एक गीत म्हणतात, मध्येंच उकिडव्या बसतात. पोलीसकोठडींत स्त्रियांना विवस्त्र करून ज्या उठाबशा काढावयास लावीत त्यांची ती नक्कल. गीताच्या अखेरीस बोट समोर रोखलेलें असतें, आणि पोलीस, न्यायाधीश, राज्यसंस्था व अध्यक्ष यांस नांव घेऊन जबाबदार धरलेलें असतें.

येथेंही पूर्वीचीच युक्ति आहे. चिलीच्या पोलीसदलाचें एक जुनें घोषवाक्य, तुझ्या वाटेवरील मित्र अशा अर्थाचें होतें. शीर्षकांत त्यांतील एकच शब्द पालटला आहे. गीतांत पोलीसदलाच्या स्तोत्रांतील एक कडवें जसेंच्या तसें घेतलें आहे. बलात्कार हा वासनेचा उद्रेक नसून सत्तेचा व्यवहार आहे, हा विचार अर्जेंटिनाच्या मानववंशशास्त्रज्ञ रिता सेगातो यांच्या लेखनांतून घेतलेला. चाल सोपी, पावलें मोजकीं, साहित्य म्हणाल तर एक पट्टी. त्यामुळें थोड्याच आठवड्यांत तो प्रयोग अनेक देशांत त्या त्या भाषेंत झाला. पोलीसदलानें २०२० सालीं मंडळाविरुद्ध तक्रार केली, ती टिकली नाहीं.

या सर्व प्रसारापेक्षां इतिहासकाराचें लक्ष ज्या दिवसाकडे जावें तो ता. ४ डिसेंबर २०१९ चा. त्या दिवशीं राष्ट्रीय क्रीडांगणाबाहेर हजारों स्त्रियांनीं हा प्रयोग केला, व त्यांत बोलावणें होतें तें विशेषतः चाळिशी उलटलेल्यांस. त्यांच्यापैकीं पुष्कळ जणी हुकूमशाहींत वाढलेल्या होत्या. १९७३ सालीं जेथें माणसें डोळे बांधून नेलीं गेलीं, तेथेंच या स्त्रियांनीं स्वतःच्या हातानें डोळ्यांवर पट्टी बांधली.

(८)

आतां साधनांविषयीं. या प्रयोगांचे पुरावे विषम आहेत. अलीकडील प्रयोगांचीं चलच्चित्रें विपुल आहेत. 'घोड्यां'च्या कित्येक कृति मात्र मोजक्या छायाचित्रांवर, कांहीं तर केवळ पाहणाऱ्यांच्या आठवणींवर उभ्या आहेत. आठवण कालांतरानें फुगते, पाहणाऱ्यांची संख्या वाढते, आणि जे तेथें नव्हते तेही आपण होतों असें सांगूं लागतात. छायाचित्रही पूर्ण साक्षीदार नव्हे. तें एक क्षण धरितें, आवाज व अवधि सोडून देतें. ग्रंथालयाच्या पायऱ्यांवरील फलकाचें चित्र पाहून तो प्रसंग मिनिटांचा होता हें कळत नाहीं. यास्तव छायाचित्र, आठवण, वृत्तपत्र व सरकारी मौन हीं चारी एकमेकांशीं ताडून पाहिलीं पाहिजेत. मौनही साधन आहे. कोणत्या घटनेबद्दल नियंत्रित वृत्तपत्रें गप्प राहिलीं हें पाहिलें म्हणजे ती कोणास टोंचली याचा अदमास येतो.

एवढी चाळणी लावून जें उरतें तें असें : या प्रयोगांनीं सरकार पाडलें हें सिद्ध करतां येत नाहीं. सभा, पक्ष व वृत्तपत्र हीं बंद असतां नगरांत राजकीय बोलणें चालू राहिलें, आणि तें चालू ठेवण्यांत स्त्रिया व समलिंगी लोक अग्रभागीं होते, हें सिद्ध होतें. नृत्य, रहदारीची रेघ, मतपत्रिका, पोलिसांचें स्तोत्र या सत्तेच्याच वस्तु असल्यामुळें त्यांस उत्तर देणें सत्तेस अवघड गेलें, हें दिसतें. आणि तिसरें असें कीं विरोधकांच्या छावणींतही कोणाचें दुःख मोजावयाचें व कोणाचें वगळावयाचें हा तंटा होता. तो पक्षांच्या ठरावांत शोधून फारसा सांपडणार नाहीं, कांचांवरील नृत्यांत सांपडतो.

ता. ३० ऑगस्ट २०२३ रोजीं चिली सरकारनें बेपत्ता झालेल्यांच्या शोधासाठीं एक राष्ट्रीय योजना जाहीर केली. तोंपर्यंत हा शोध मुख्यतः नातलगांनींच चालविला होता. तें काम राज्यसंस्थेचें आहे असें या योजनेनें लेखी मान्य केलें. कौपोलिकान नाट्यगृहांतील त्या नृत्यास तेव्हां पंचेचाळीस वर्षें होऊन गेलीं होतीं. उत्तराचा कागद आतां दप्तरांत आहे. मात्र प्रश्न प्रथम कोणी विचारला हें केवळ त्या कागदावरून कळणार नाहीं.